वाळूतील घरटे आणि गावाचा पहारा : कोकणातील सागरी कासव संवर्धन

महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या देवळांत गाभाऱ्यासमोरच्या फरशीत दगडी कासव कोरलेले आढळते. दर्शनाला आलेला भाविक आधी त्याला हात लावून नमस्कार करतो आणि मगच देवापुढे उभा राहतो. विष्णूच्या दशावतारांत कूर्म हा दुसरा अवतार मानला गेला असल्याने या प्राण्याविषयी लोकमानसात आदरभावना आहे. असे असूनही कोकणच्या किनाऱ्यावरील पुळणीत समुद्रातून येणारी मादी जी अंडी घालून जात असे, ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सर्रास उकरली जात होती. काही अंडी घरी खाल्ली जात, काही जवळच्या बाजारात विकली जात. माणसाच्या हातून सुटलेली घरटी कोल्हे, कुत्री आणि रानडुकरे फस्त करीत.

ही स्थिती कायदा नसल्यामुळे उद्भवली होती असे म्हणता येत नाही. संसदेने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्येच संमत केला आणि भारताच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या सागरी कासवांना पुढे त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान मिळाले. या अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्याही व्यापक आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणे अथवा त्यांच्या घरट्यांत ढवळाढवळ करणे हासुद्धा शिकारीचाच प्रकार ठरतो आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत त्यासाठी तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या कमी करण्यात आली, तरी सागरी कासवांचे पहिल्या अनुसूचीतील स्थान अबाधित राहिले. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये समाविष्ट झालेले अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ (छ) राज्यावर आणि नागरिकांवर वन्यजीव रक्षणाची जबाबदारी टाकतातच. दिल्लीत झालेला कायदा आणि कोकणातील पहाटेची पुळण यांच्यात जे अंतर होते ते कसे कमी झाले, हा या विषयातील खरा अभ्यासाचा भाग आहे.

सात जाती, पाच भारतात

जगात सागरी कासवांच्या सात जाती आहेत. त्यांपैकी ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल, लेदरबॅक आणि लॉगरहेड या पाच जाती भारतीय सागरी क्षेत्रात आढळतात. केम्प्स रिडले आणि फ्लॅटबॅक या दोन जाती येथे नाहीत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत ऑलिव्ह रिडलेची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात, तर हॉक्सबिलची ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे. हिरव्या कासवाला मात्र २०२५ मध्ये जागतिक स्तरावर ‘संकटग्रस्त’ वर्गातून बाहेर काढून ‘किमान चिंता’ या वर्गात ठेवण्यात आले. अनेक दशकांच्या किनारा-संरक्षणाचे फळ म्हणून या बदलाकडे पाहिले जाते. सागरी कासवांच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टाने निषिद्ध ठरविला आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नियमितपणे अंडी घालण्यास येते ती प्रामुख्याने ऑलिव्ह रिडलेची मादी. हीच जात ओडिशाच्या किनाऱ्यावरही येते, परंतु दोन्हीकडील विणीच्या तऱ्हेत मोठा फरक आहे आणि संवर्धनाची पद्धत ठरविताना तो लक्षात घ्यावा लागतो. ओडिशातील गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे लाखो माद्या काही रात्रींत एकाच वेळी किनाऱ्यावर चढतात. स्पॅनिश भाषेतून आलेल्या ‘अरिबाडा’ या शब्दाने ही सामूहिक वीण ओळखली जाते. २०२५ च्या फेब्रुवारीत एकट्या ऋषिकुल्या येथे सुमारे सात लाख कासवांची नोंद झाली. इतकी अंडी एकदम पडली की शिकारी प्राण्यांनी कितीही खाल्ली तरी पुष्कळशी शिल्लक राहतात. तेथे थोड्या किनाऱ्यावर, थोड्या काळासाठी मोठा बंदोबस्त ठेवता येतो. गहिरमाथा १९९७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि तटरक्षक दल दर हंगामात ‘ऑपरेशन ऑलिव्हिया’ ही गस्तीची मोहीम राबविते.

कोकणात मादी एकटी येते. नोव्हेंबर ते मार्च या काळात, केव्हाही, कोणत्याही पुळणीवर. जुन्या मोजणीप्रमाणे सुमारे ७२० किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावर विखुरलेली ही घरटी असतात आणि मादीच्या वाळूवरील मागामुळे त्यांतील प्रत्येक घरटे ओळखू येते. कोल्ह्यालाही येते आणि माणसालाही. वनरक्षक नेमून अशा प्रत्येक घरट्यावर पहारा ठेवणे कोणत्याही शासनाला परवडणारे नाही. पहाटे पुळणीवर कोण असतो, तर गावकरी. म्हणून कोकणातील संवर्धनाला लोकसहभागावाचून दुसरी वाटच नव्हती. लोकसहभाग हा शब्द शासकीय अहवालांत पुष्कळदा शोभेसाठी येतो. कोकणात मात्र तो प्राण्याच्या जीवनक्रमातूनच आलेला आहे.

अंड्यापासून समुद्रापर्यंत

मादी रात्रीच्या वेळी भरतीच्या रेषेच्या वर चढून मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी वाळूत सुरईच्या आकाराचा, सुमारे दीड फूट खोल खड्डा करते. त्यात शंभर ते सव्वाशेच्या आसपास अंडी घालून, वाळू लोटून, अंगाने ती दाबून समुद्रात परत जाते. पुन्हा त्या घरट्याकडे ती फिरकत नाही. अंडी पांढरी, गोल, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी आणि चामड्यासारख्या मऊ कवचाची असतात. साधारणतः ४५ ते ५५ दिवसांत उन्हाने तापलेल्या वाळूच्या उबेवर ती उबतात.

पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूचे तापमान ठरविते. सुमारे २९ ते ३० अंश सेल्सिअस हा मधला बिंदू मानला जातो. वाळू त्याहून उष्ण असली तर माद्या अधिक निपजतात, थंड असली तर नर. हवामान बदलाचा प्रश्न येथे एका घरट्याच्या पातळीवर येऊन पोहोचतो, कारण वाळू सातत्याने तापत गेली तर नरांचे प्रमाण घटत जाण्याची भीती आहे.

बाहेर पडलेली पिल्ले सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावतात. निसर्गात ते क्षितिज समुद्राचे असते. किनाऱ्यावर हॉटेलचे दिवे लागले की पिल्ले उलट दिशेला, जमिनीकडे वळतात. समुद्रात शिरल्यावर पहिले सुमारे एक दिवस-रात्र ती न थांबता पोहत राहतात, जेणेकरून किनाऱ्याजवळच्या भक्षकांच्या टापूतून ती बाहेर पडावीत. त्यासाठी लागणारी शक्ती अंड्यातील बलकाच्या शिल्लक साठ्यातून येते. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे पर्यटनाच्या चर्चेत तिचा संबंध येतो. हजार पिल्लांतून एखादेच प्रौढ होते असे सामान्यतः मानले जाते. प्रौढ व्हायला दहा ते पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. ज्या परिसरात जन्म झाला तेथेच माद्या बहुधा विणीसाठी परततात आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे त्या दिशा ओळखतात, असे संशोधनातून दिसून आले आहे.

वेळासची सुरुवात

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सावित्री नदीच्या खाडीच्या दक्षिणेस, मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे मूळ गाव म्हणून ते इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित होते. नारळी-पोफळीच्या वाड्या, सुरूचे बन आणि त्यापलीकडे पुळण अशी त्याची रचना आहे. श्रीवर्धनकडून येणाऱ्याला आजही बागमांडला येथून तरीने खाडी ओलांडून यावे लागते.

चिपळूण येथील ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी कोकण किनाऱ्यावरील समुद्री गरुडांच्या घरट्यांचा अभ्यास करीत होते. या भ्रमंतीत २००२ साली वेळासच्या किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची कवचे दिसली. चौकशी केल्यावर अंडी नियमित काढली जात असल्याचे समजले. संस्थेपुढे दोन मार्ग होते. तक्रार नोंदवून कायद्याची कारवाई घडवून आणणे हा एक, आणि अंडी काढणाऱ्यांशीच बोलणे हा दुसरा. संस्थेने दुसरा मार्ग स्वीकारला. मादीचा माग कोणता, घरटे कोठे असेल, ती कोणत्या रात्री येण्याचा संभव आहे, याचे ज्ञान गावात ज्यांच्यापाशी होते त्यांतील काही जण अंडी काढणारेच होते. त्यांचे हे कौशल्य वाया न घालवता त्यांना राखणीच्या कामावर घेण्यात आले. ग्रामपंचायत आणि वन विभाग यांची साथ मिळाली. पहिल्याच हंगामात ५० घरटी सुरक्षित करण्यात आली आणि २,७३४ पिल्ले समुद्रात सोडण्यात आली.

काम दिसायला साधे, पण चुकीला जागा न ठेवणारे आहे. पहाटे उजाडण्यापूर्वी पुळणीवर फेरी मारून मादीचा माग शोधायचा. घरटे भरतीच्या पाण्यात येण्याजोगे किंवा जनावरांच्या वाटेवर असेल तर अंडी शक्य तितक्या लवकर उबवणीच्या कुंपणात हलवायची. अंडी घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतील बाजूस चिकटू लागतो आणि त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर गर्भ मरतो. त्यामुळे अंडी फार न हलविता, हळुवार हाताने उचलावी लागतात. कुंपणातील नवा खड्डा मूळ घरट्याइतक्याच खोलीचा आणि त्याच आकाराचा करावा लागतो. प्रत्येक खड्ड्याजवळ अंडी मिळाल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावतात. दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालून ठेवतात आणि ती ठरावीक वेळी उचलून पाहतात. निघालेली पिल्ले थेट पाण्यात न टाकता पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात, म्हणजे ती स्वतः चालत जातात.

या कामाचा विस्तार रत्नागिरी जिल्ह्यात आंजर्ले, केळशी, कोळथरे, दाभोळ, गुहागर, रायगडमध्ये हरिहरेश्वर, दिवेआगर आणि सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग अशा अनेक गावांत झाला. प्रत्येक ठिकाणी स्थानिक ‘कासवमित्र’ नेमले गेले. राज्य शासनाने २०१२ मध्ये स्थापन केलेल्या कांदळवन कक्षाकडे आणि त्यानंतरच्या कांदळवन प्रतिष्ठानाकडे या कामाचे समन्वयन, प्रशिक्षण आणि मानधनाची जबाबदारी क्रमाने गेली. स्वयंसेवी संस्थेने सुरुवात करावी, गावाने ती अंगीकारावी आणि शासनाने निधी व शास्त्रीय आधार देऊन ती टिकवावी, असा हा क्रम आहे. योजना मंत्रालयात आखून खाली पाठविण्याच्या रूढ पद्धतीच्या तो बरोबर उलट आहे.

महोत्सव आणि घरचे पाहुणे

केवळ मानधन मिळणाऱ्या चार-पाच राखणदारांमुळे सारे गाव कासवाच्या बाजूने उभे राहील, असे नव्हते. २००६ पासून वेळास येथे ‘कासव महोत्सव’ भरविण्यात येऊ लागला. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिल्ले बाहेर पडण्याच्या अंदाजाने तारखा ठरतात आणि मुंबई-पुण्याहून लोक येतात. गावात मोठे हॉटेल नसल्याने पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्या घरीच होऊ लागली. अंगणात मुक्काम, स्वयंपाकघरात शिजलेले साधे जेवण, कधी उकडीचे मोदक, आणि सकाळ-संध्याकाळ पुळणीवरची फेरी. ही मिळकत मुख्यत्वे घरातील स्त्रियांच्या श्रमातून येते आणि गावातच राहते. जो उन्हाळा पूर्वी आंबा-काजूच्या हंगामाची वाट पाहण्यात जाई, त्यात एक नवे उत्पन्न आले. कासवाचे एक घरटे अंड्यांच्या किमतीपेक्षा गावाला अधिक मोलाचे ठरू लागले, हे या प्रयोगामागचे अर्थशास्त्र होय. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला २०१६ या वर्षासाठीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले आणि कोकणातील कासव संवर्धन किनाऱ्यापासून दूरच्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचले.

तथापि या अर्थशास्त्राच्या मर्यादाही आहेत. पिल्ले बाहेर पडणे हे पंचांग पाहून होत नाही. दीडशे-दोनशे किलोमीटर प्रवास करून आलेल्या पाहुण्यांना एकही पिल्लू न दिसता परतावे लागते, असे अनेकदा घडते. अशा वेळी रात्री निघालेली पिल्ले सकाळच्या गर्दीपर्यंत राखून ठेवण्याचा मोह होऊ शकतो. पहिल्या दिवस-रात्रीच्या पोहण्यासाठी असलेली शक्ती टोपलीखाली धडपडण्यात खर्च झाली, तर समुद्रात गेलेले पिल्लू भक्षकांच्या टापूतच अडकते. म्हणून पिल्ले पाहण्यासाठी दोरीची मर्यादा, हात न लावणे, प्रकाशझोत टाकून छायाचित्रे न घेणे, किनाऱ्यावर दिवे न लावणे हे नियम पाळणे आवश्यक ठरते. पाहुण्याला दाखवता यावे म्हणून पिल्लू नाही, याची आठवण गावानेच पाहुण्याला द्यावी लागते आणि ज्याच्या घरी तो उतरला आहे त्याला ते सांगणे नेहमी सोपे नसते.

उबवणी केंद्राविषयीही मतभेद आहेत. घरटे जेथे आहे तेथेच राखणे हा उत्तम मार्ग, हलविणे हा नाइलाज, अशी शास्त्रज्ञांची सर्वसाधारण भूमिका आहे. कुंपणातील वाळू मोकळ्या उन्हात अधिक तापली तर नर-मादी प्रमाण बिघडू शकते. म्हणून सावली, वाळूची स्वच्छता आणि तापमानाच्या नोंदी यांकडे लक्ष द्यावे लागते. ज्या पुळणींवर जनावरांचा उपद्रव कमी आहे तेथे जाळी लावून घरटे जागीच राखता येते. त्यासाठी मात्र गावाच्या राखणीवर अधिक भरवसा असावा लागतो.

या उत्पन्नाची कसोटी २०२० मध्ये लागली. मार्चमध्ये ऐन हंगामात टाळेबंदी आली आणि पाहुणे बंद झाले. पाठोपाठ ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातील माड-पोफळींच्या बागा आडव्या केल्या. बागही गेली आणि पर्यटनही. तरीही कासवमित्रांची पहाटेची फेरी पुढील हंगामात चालू राहिली, कारण तिचे मानधन पाहुण्यांच्या संख्येवर अवलंबून नव्हते. संवर्धनाचा खर्च आणि पर्यटनाचा लाभ हे दोन वेगळे हिशेब ठेवण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते.

इतर किनाऱ्यांवरून

लोकसहभागाचा हा प्रयोग देशात एकमेव नाही. चेन्नईत विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रात्रीच्या गस्तीची चळवळ सुरू केली आणि ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्वयंसेवकांनी चालू ठेवली. केरळमधील कोळावीपालम येथील मच्छीमार तरुणांनी १९९२ पासून ‘तीरम’ या नावाने घरटी राखली. तेथे गाव निष्ठेने झटले, परंतु नदीमुखातील वाळूउपसा आणि किनाऱ्याची धूप यांमुळे पुळणच आक्रसत गेली. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांना २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत कासवांच्या विणीची स्थळे म्हणून विशेष संरक्षण मिळाले. मोरजीला कासव आणि पर्यटन दोन्ही आहेत, पण तेथील पर्यटक कासवासाठी येत नाही. वेळासच्या पाहुण्यात आणि त्याच्यात हा मूलभूत भेद आहे आणि दिव्यांचा व गोंगाटाचा प्रश्न त्यातूनच उद्भवतो.

लक्षद्वीपमधील अगत्ती बेटाचा अनुभव आणखी वेगळा आहे. तेथील खाजणात हिरव्या कासवांची संख्या वाढली. ही कासवे समुद्री गवत खातात. गवताची कुरणे ओस पडू लागली आणि त्या गवतात वाढणारी मासळी कमी झाल्याचा अनुभव स्थानिक मच्छीमारांना आला. कायद्याने रक्षिलेल्या प्राण्याविषयी बेटावर नाराजी निर्माण झाली. प्राणी दुर्मीळ असताना त्याला राखणे आणि तो वाढल्यावर त्याच्यासोबत राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अभ्यासकांनी या बेटाचे उदाहरण वेळासच्या शेजारी ठेवून वाचावे, म्हणजे लोकसहभाग हा एकदा मिळविला की कायमचा राहतो, असा समज होणार नाही.

गावाच्या हाताबाहेरचा समुद्र

गावाने सर्व अंडी वाचविली तरी कासव वाचेलच असे नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत लॉगरहेड कासवांवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की अंड्यांच्या शंभर टक्के रक्षणानेही घटती संख्या सावरत नाही. मोठ्या वयाची कासवे जाळ्यांत मरणे थांबले तरच ती सावरते. प्रौढ मादी ही वर्षानुवर्षे अंडी देणारी असल्याने तिचे मरण हे हजारो अंड्यांच्या नाशाइतके असते. कासव फुप्फुसाने श्वास घेते. ट्रॉलरच्या ओढजाळ्यात ते पाण्याखाली फार वेळ अडकले तर गुदमरून मरते.

यावरील तांत्रिक उपाय ‘टेड’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. ओढजाळ्यात तिरकस बसविलेली गजांची ही जाळी असते. कोळंबी गजांमधून मागे जाते आणि कासव गजांवरून घसरत वरच्या किंवा खालच्या फटीतून बाहेर पडते. कोची येथील केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने भारतीय परिस्थितीला अनुरूप असे टेड विकसित केले आहे. थोडी मासळी निसटते, ही मच्छीमारांची तक्रार अगदीच निराधार नाही आणि त्यामुळे त्याचा वापर अपेक्षेप्रमाणे रुजला नाही. टेड न वापरता पकडलेल्या कोळंबीची आयात रोखण्याचा अमेरिकेचा कायदा १९८९ चा. त्याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९८ मध्ये अपील मंडळाने पर्यावरण रक्षणाचा हेतू वैध मानला, परंतु कायद्याची अंमलबजावणी देशादेशांत भेदभाव करणारी असल्याचा निष्कर्ष काढला. व्यापार आणि पर्यावरण या विषयावरील हा निर्णय आजही मूलभूत समजला जातो. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेने भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात याच कारणासाठी थांबविली. तळ्यांत वाढविलेल्या कोळंबीला ही बंदी लागू नव्हती. वेळासच्या कुंपणातील पाटी आणि वॉशिंग्टनमधील आयात नियम एकाच प्राण्यापाशी येऊन मिळतात, ते असे.

महाराष्ट्राने मच्छीमाराला दंडापेक्षा भरपाईने जोडून घेण्याचा प्रयत्न केला, हे नोंद घेण्याजोगे आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापावे लागले, तर छायाचित्र किंवा चित्रफितीच्या पुराव्यावर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात डिसेंबर २०१८ पासून आहे. कासव, देवमासा किंवा बहिरी मासा सोडून देणाऱ्या नौकामालकाला नव्या जाळ्याचा भुर्दंड एकट्याने सोसावा लागू नये, हा तिचा हेतू. जखमी अवस्थेत किनाऱ्याला लागलेल्या कासवांवर पालघर जिल्ह्यातील डहाणू येथील केंद्रात उपचार होतात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय सागरी कासव कृती आराखड्यातही मच्छीमारांचा सहभाग, जाळ्यांतील मृत्यू आणि किनाऱ्यावरील प्रकाश यांचा विचार केलेला आहे.

मागोवा

वेळासला पहिल्या हंगामात सोडलेली पिल्ले जगली असतील तर ती आता प्रौढ आहेत. मात्र इतक्या लहान पिल्लावर कायमची खूण करता येत नसल्याने परतून येणारी मादी तीच आहे का, हे सांगता येत नाही. कोकणातील नोंदलेल्या घरट्यांत अलीकडे जी वाढ दिसते, तिच्यातील काही भाग अधिक गावांत आणि अधिक काटेकोर गस्त होऊ लागल्याचा असू शकतो. आकडा वाचताना तो कसा मिळाला हे विचारण्याची सवय या विषयात विशेष उपयोगी पडते.

प्रौढ मादीवर मात्र खूण करता येते. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कोकण किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह प्रक्षेपक बसविले. वेळासच्या मादीचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले, आंजर्ल्याच्या मादीचे ‘सावनी’. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. पश्चिम किनाऱ्यावर वीण करणारी आणि पूर्व किनाऱ्यावर वीण करणारी कासवे परस्परांपासून संपूर्ण अलग असतात या समजुतीला त्यामुळे तडा गेला.

याच्या उलट दिशेचा पुरावा जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. गुहागरच्या पुळणीवर अंडी घालणाऱ्या एका मादीच्या पायाला धातूची पट्टी होती. तिच्यावरील क्रमांक ०३२३३. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या नोंदींशी तो ताडून पाहिला असता, ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बसविलेली असल्याचे आढळले. म्हणजे हजारोंच्या संख्येने माद्या जेथे एकत्र येतात तो किनारा सोडून ही मादी साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर कापून एकाकी विणीच्या किनाऱ्यावर आली होती. तिची पुढची वीण कोकणात होते की ओडिशात, हे ती पट्टी पुन्हा एखाद्या पहाटे कोणा कासवमित्राच्या नजरेस पडली तरच कळणार आहे.